'ऑनर'ला मराठीत काय? अब्रू, मान, इभ्रत...

टंकणारी_मेघना: अल्बानियाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या 'कानून'वर, म्हणजे तिथल्या जुन्या रूढ कायद्यावर, एक लेख भाषांतर करतेय. दर दोन ओळींनी 'ऑनर' येतो. मी 'सन्मान' लिहिलं तर वाक्य झालं "सन्मानासाठी पुतण्याने खून केला", जसं काही शाल-श्रीफळच मिळणारे! 'अब्रू' केलं तर तपासणाऱ्या बाई म्हणतात अब्रू बायकांची असते. आणि पिढ्यान्‌पिढ्या चालतं त्या 'फ्यूड'ला काय म्हणू? वैर? हाडवैर? दोन्ही सांगा प्लीज, उद्या द्यायचंय.

जुना_खोडरबर: बाईंना सांगा, अब्रूनुकसानीचे दावे पुरुषही लावतात. फारसीत आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. तोंडावरचं पाणी, तेज. त्यात बाई आली कुठून?

कावळीण: व्युत्पत्ती बरोबर हो, पण वापराचं काय? 'अब्रू लुटली' हे पुरुषाबद्दल कधी ऐकलंय? बाईची लुटली जाते, पुरुषाचं नुसतं नुकसान होतं आणि तेही पैशात भरून मागता येतं.

जुना_खोडरबर: मग इभ्रत घ्या. आमची आजी सारखं म्हणायची, घराची इभ्रत सांभाळा.

दोन_नुक्ते: हेच मी एका उर्दूवाल्या मित्रासमोर बोललो तर तो हसायला लागला. त्यांच्याकडे 'इबरत' म्हणजे दुसऱ्याची फजिती बघून घ्यायचा धडा. मूळ अरबी अर्थही तसाच, मराठीत येता येता त्याची प्रतिष्ठा झाली. तसं बघितलं तर पोरीला मारून गावाला 'धडा' देणाऱ्यांच्या डोक्यात दोन्ही अर्थ एकत्रच असतात म्हणा.

जुना_खोडरबर: मराठीत आला की तो मराठी झाला. उर्दूला विचारून बोलायचं का आता?

कावळीण: अरबी निघालंच आहे तर, तिथे दोन वेगळे शब्द आहेत. 'शरफ' पुरुषाच्या कर्तृत्वाने, पाहुणचाराने, शौर्याने वाढतो किंवा घटतो. 'इर्द' घरातल्या बायकांच्या वागण्याला बांधलेली, ती वाढत नाही, फक्त जाते. आपलंही तेच नाही का, मान मिळवता येतो, अब्रू नुसती राखायची. म्हणून मेघना, सगळीकडे एकच शब्द टाकू नकोस, वाक्य बघून ठरव. कानूनमध्ये आसऱ्याला आलेल्या पाहुण्याला कोणी मारलं तर त्याचा सूड यजमानाने घ्यायचा, नाहीतर तो तोंड दाखवायच्या लायकीचा राहत नाही. इथे बाईचा संबंधच नाही, इथे 'मान' लिही.

शुद्धमती: 'मान' फार मोघम आहे. कुलप्रतिष्ठा म्हणा. आणि ते 'ऑनर किलिंग' लिहिणं तरी बंद करा सगळ्यांनी!

कावळीण: कुलप्रतिष्ठा म्हटलं की खुनाला शालू नेसवल्यासारखं वाटतं. इटलीच्या १९३० च्या दंडसंहितेत नेमका हाच शालू होता: बायको, मुलगी किंवा बहीण अनैतिक संबंधात सापडली आणि त्या रागात मारली तर शिक्षा फक्त ३ ते ७ वर्षं, कारण त्याच्या किंवा घराण्याच्या 'ओनोरे'ला धक्का लागला. ते कलम जायला १९८१ उजाडलं. त्यापेक्षा इंग्रजी शब्द बरा, निदान परका वाटतो.

शुद्धमती: परका वाटतो म्हणूनच लोकांना वाटतं हे आपल्यात नाहीच.

दोन_नुक्ते: हा मुद्दा मात्र पटला.

टंकणारी_मेघना: थँक्स सगळ्यांना, पण फ्यूड?? लेखात असंय की ज्या घरावर रक्ताचं देणं आहे त्यातले पुरुष बाहेरच पडत नाहीत, कारण घरात शिरून मारायची मुभा नाही, आणि बायकांना मारायचं नाही म्हणून बाजारहाट त्यांच्याकडे. हे नुसतं 'वैर' कसं म्हणू?

जुना_खोडरबर: 'रक्ताचं देणं' तूच छान लिहिलंस की. आपण सूड 'उगवतो', आणि उगवणी म्हणजे येणं वसूल करणं. हिशोबच आहे तो. माझ्या मते 'सूड' हा 'शुद्धि'वरूनच आला, अमरकोशात, त्या जुन्या संस्कृत कोशात, वैराचा बदला या अर्थी वैरशुद्धि आहे.

दोन_नुक्ते: वैरशुद्धि आहे, मान्य. पण शुद्धिचं सूड कसं होईल? द्ध चा ड कुठल्या नियमाने केलात?

जुना_खोडरबर: वृद्ध चा बुड्ढा होतो तसाच.

दोन_नुक्ते: तिथे ढ आहे काका, ड नाही. शिवाय तो हिंदीत.

जुना_खोडरबर: मग 'वाढ' घ्या, वृद्धिवरून. मराठीच आहे ना?

दोन_नुक्ते: अहो त्यातही ढच!