मदत हवी आहे: टेस्टर पेटतो, पण प्लग पॉइंट बंद

मंडळी, इलेक्ट्रिकमधलं कळणाऱ्यांनी जरा सांगा. ओट्यावरच्या बोर्डातले ६ अँपिअरचे दोन्ही सॉकेट कालपासून बंद आहेत. मिक्सर नाही, चार्जर नाही. बाकी घरात लाइट आहे, एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) पडलेला नाही.

गंमत म्हणजे बटण दाबलं की उजव्या भोकात टेस्टर झकास पेटतो. शेजारच्या सॉकेटला मिक्सर लावून चालू केला, तर डाव्या भोकातही पेटतो! न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तुटला की असंच होतं ना? मिक्सरच्या कॉइलमधून फेज (करंट आणणारी लाइन) फिरून येत असणार.

मेन स्विच पाडून बोर्ड उघडला. काळी (न्यूट्रलची) वायर स्क्रूत घट्ट आहे, जळाल्याची खूण नाही. ती फ्रिजच्या बोर्डावरून लूप होऊन आलेली दिसते आणि फ्रिज तर व्यवस्थित चालतोय. मग जोड सुटला कुठे, फ्रिजच्या बोर्डात की मधल्या जंक्शन बॉक्समध्ये? तो बॉक्स रंगकामात पुट्टीखाली गाडला गेलाय (रंगाऱ्याची कृपा), म्हणून उकरण्याआधी विचारतोय. वायरमन म्हणतो, सगळी लाइन नवी ओढा. मला ते पटत नाही.

मल्टिमीटर घरात आहे. मेन बंद ठेवून कंटिन्युइटी (वायर मध्ये तुटलेली नाही ना) कुठून कुठे तपासू?