मदत हवी आहे: जीटीए ६ साठी वापरलेला प्लेस्टेशन ५ घ्यावा का? शनिवारपर्यंत ठरवायचे आहे

भोईवाडा_तिसरा_मजला
लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानात वापरलेला प्लेस्टेशन ५, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे सोनीचे यंत्र (कन्सोल), मला ३१,००० रुपयांना मिळतो आहे. यंत्र स्वच्छ दिसते आणि सोबत दोन कंट्रोलर आहेत. जीटीए ६ (ग्रँड थेफ्ट ऑटो ६) हा खेळ नोव्हेंबरमध्ये येणार आहे, तो महिना जवळ येईल तसे भाव चढतील आणि मग एवढ्या पैशांत काहीही हाती लागणार नाही, असे दुकानदार म्हणतो. त्याने शनिवारी संध्याकाळपर्यंत मुदत दिली आहे. ५ डिसेंबर २०२३ च्या पहाटे जीटीए ६ ची पहिली झलक पाहिली, तेव्हापासून मी या खेळाची वाट पाहतो आहे. आणखी थांबण्याची माझी तयारी नाही. घ्यावा की घेऊ नये, एवढेच कृपया सांगावे.

उपनगरी_प्रवासी
केवळ किमतीवरून याचे उत्तर कोणालाही देता येणार नाही. यंत्रावरील लेबलवर मॉडेल क्रमांक छापलेला असतो, तो काय आहे? डिस्क घालण्याची खाच आहे का? मूळ बिल मिळणार आहे का? घरी टीव्ही कोणता आहे आणि इंटरनेटचा वेग किती आहे? एवढे कळले तर बोलता येईल.

निळा_पंखा
माझे मत विचाराल तर कन्सोल घेऊच नका. जीटीए ५ हा खेळ १७ सप्टेंबर २०१३ रोजी प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला आणि १४ एप्रिल २०१५ रोजी, म्हणजे १९ महिन्यांनी, संगणकावर आला. त्याच निर्मात्यांचा रेड डेड रिडेम्प्शन २ ऑक्टोबर २०१८ मध्ये कन्सोलवर आला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये संगणकावर. याही वेळी फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांचीच घोषणा झालेली असली, तरी ज्यांनी धीर धरला त्यांना खेळ दरवेळी अधिक चांगल्या रूपात खेळायला मिळाला आहे. ३१,००० रुपये बाजूला ठेवा आणि त्यात भर घालून पुढच्या वर्षी चांगला संगणक बांधा. तो कामासाठीही वापरता येईल.

भोईवाडा_तिसरा_मजला
माझ्याकडे २०२१ मध्ये हप्त्यांवर घेतलेला लॅपटॉप आहे. त्यात जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड आहे. खेळ संगणकावर आला तर तो या लॅपटॉपवर चालेल का? चालणार असेल तर थांबण्याचा विचार करता येईल, नसेल तर तो विषय इथेच संपतो. मॉडेल क्रमांक मी पाहिलेला नाही. यंत्र पांढरे आहे.

निळा_पंखा
चालेल अशी आशा बाळगू नका. सायबरपंक २०७७ हा २०२० चा खेळ आहे आणि २०२३ मधील मोठ्या बदलानंतर त्याची किमान अपेक्षाच ६ जीबी मेमरीचे जीटीएक्स १०६० कार्ड आणि एसएसडी (वेगवान साठवण) अशी झाली. आपल्या कार्डात मेमरी ४ जीबी असते. म्हणूनच मी नवा संगणक बांधायला सुचवत आहे.

सातरस्ता_७७
निळा_पंखा यांच्या म्हणण्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे (संगणकाच्या मेमरीचे) भाव किती वाढले, हे संगणकाचे सुटे भाग विकत घेणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले. अशा काळात एखाद्या नोकरदाराला नवा संगणक बांधण्याचा सल्ला देणे मला जबाबदारीचे वाटत नाही. त्यापेक्षा एक्सबॉक्स सिरीज एस घ्यावा. नोव्हेंबर २०२० मध्ये तो भारतात ३४,९९० रुपयांना आला होता, वापरलेला बराच स्वस्त मिळतो आणि जीटीए ६ त्याच्यावर येणार हे जाहीर झालेले आहे.

निळा_पंखा
रॅम महाग आहे हे मान्य आहे, पण मी पुढच्या वर्षाबद्दल बोलत होतो. आणि सिरीज एसमध्ये एकूण मेमरी १० जीबी आहे. प्लेस्टेशन ५ मध्ये ती १६ जीबी आहे. या पिढीतील सर्वांत मोठा खेळ सर्वांत लहान यंत्रावर खेळण्याची शिफारस आपण करत आहात.

वांद्रे_तलाव
दुकानदाराच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, हे स्वानुभवावरून सांगतो. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. १२ जानेवारीला आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि काही मिनिटांतच संपली. मी दुपारी १२ वाजण्याआधीपासून दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि तरीही रिकाम्या हाताने उठलो. पुढे कित्येक महिने दलालांना जादा पैसे मोजल्याशिवाय यंत्र मिळत नव्हते. तेव्हापासून मी हाती आलेली वस्तू सोडत नाही.

उपनगरी_प्रवासी
ती टंचाई महासाथीच्या काळातली होती आणि यंत्र बाजारात नुकतेच आले होते. आता ते जुने झाले आहे. शिवाय खेळाची तारीख एकदा नव्हे, दोनदा पुढे गेली आहे: आधी २०२५ चा शरद ऋतू, मग २६ मे २०२६ आणि आता १९ नोव्हेंबर २०२६. जो खेळ अजून हातात नाही त्याच्यासाठी बिल नसलेले जुने यंत्र आज घ्यायचे, म्हणजे मधल्या सर्व महिन्यांतला बिघाडाचा धोका स्वतःच्या अंगावर घेणे होय. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे दिवाळीची खरेदी खेळाच्या आधीच येते आणि नव्या यंत्रांवर सवलत मिळण्याचा तोच काळ असतो.

मुलुंड_पूर्व
धागाकर्त्यांनी विचारलेले नाही, तरीही विचारते. घरात लहान कोणी आहे का? जीटीए ५ ला युरोपात १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीचे मानांकन आहे आणि नव्या खेळाचे कथानकही गुन्हेगारीचेच आहे. माझ्या १२ वर्षांच्या मुलाने एका खेळातील आभासी पैशांसाठी माझ्या कार्डावरून ४,६०० रुपये खर्च केले आणि मला ते महिनाअखेरीस कळले. प्लेस्टेशनवर मुलांसाठी कुटुंबाअंतर्गत वेगळे खाते उघडता येते, वयोमर्यादा लावता येते आणि खर्चाची मर्यादा शून्य ठेवता येते. ही व्यवस्था पहिल्याच दिवशी करून ठेवावी, नंतर राहून जाते.

भोईवाडा_तिसरा_मजला
ताई, माझा भाचा १३ वर्षांचा आहे आणि शाळा सुटल्यावर आमच्याकडेच असतो. हे माझ्या लक्षात आले नव्हते, त्याचे खाते वेगळे करीन. बाकी सर्वांना विनंती आहे की, त्यांनी संगणक आणि एक्सबॉक्सचा विषय थांबवावा. माझे दोन्ही मित्र प्लेस्टेशनच वापरतात आणि आम्ही तिघे मिळून एकच डिस्क घेणार आहोत. प्रत्येकाने महिनाभर खेळायचे आणि शेवटी ती विकून आलेले पैसे वाटून घ्यायचे, असे आमचे नेहमीचे ठरलेले आहे. टीव्ही ३२ इंची आहे, इंटरनेट ४० एमबीपीएस आहे. बिल नाही.

उपनगरी_प्रवासी
ही माहिती सर्वांत आधी सांगायला हवी होती, कारण आपला संपूर्ण निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. प्लेस्टेशन ५ दोन प्रकारांत मिळतो: एकात डिस्कची खाच असते, दुसऱ्यात नसते. २०२० ते २०२३ दरम्यानच्या जाड यंत्रांच्या लेबलवर सीएफआय १०, ११ किंवा १२ अशा आकड्यांनी सुरू होणारा क्रमांक असतो आणि पुढे अक्षर असते. 'ए' असेल तर डिस्कवाले, 'बी' असेल तर डिजिटल. त्या पिढीतील डिजिटल यंत्राला पुढे कधीही डिस्क ड्राइव्ह जोडता येत नाही. क्रमांक सीएफआय २० ने सुरू होत असेल तर ते स्लिम, म्हणजे नंतर आलेले बारीक यंत्र आहे. स्लिमच्या डिजिटल प्रकाराला वेगळी विकत घेतलेली ड्राइव्ह बसवता येते, मात्र पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते. आपण पाहिलेले यंत्र जाड आणि 'बी' असेल, तर तिघांत एक डिस्क ही आपली योजना त्या यंत्रावर कधीच चालणार नाही आणि मग ३१,००० काय, २१,००० रुपयेही वाया जातील.

वांद्रे_तलाव
डिस्क नसली तरी एकाने डिजिटल खेळ घेऊन मित्राच्या यंत्रावर खाते जोडता येते. आम्ही दोघे भाऊ असेच खेळतो.

उपनगरी_प्रवासी
ते दोन यंत्रांपुरते ठीक आहे, कारण एका खात्यासाठी ही सोय एकाच यंत्रावर चालू करता येते. येथे तिघे आहेत आणि त्यांना शेवटी खेळ विकायचाही आहे. डिजिटल खेळ विकता येत नाही.

सातरस्ता_७७
डिस्क पहिल्याच दिवशी मिळेल, असे तरी आपण सर्वजण का गृहीत धरत आहोत? ॲलन वेक २ हा खेळ ऑक्टोबर २०२३ मध्ये केवळ डिजिटल स्वरूपात आला आणि त्याची डिस्क एक वर्षाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. जीटीए ६ चे असेच होईल असे माझे म्हणणे नाही, परंतु ज्यांची सगळी मदार डिस्कवर आहे त्यांनी ही शक्यता विचारात घ्यावी. डिस्क मिळाली तरी डाउनलोड टळत नाही, कारण पहिल्याच दिवशी दुरुस्त्यांची मोठी फाइल उतरवावी लागते. रेड डेड रिडेम्प्शन २ संगणकावर १५० जीबी जागा मागतो. एवढी फाइल ४० एमबीपीएसने उतरवायला सगळे सुरळीत चालले तरी ८ तास २० मिनिटे लागतात. जुन्या प्लेस्टेशन ५ मध्ये ८२५ जीबीपैकी सुमारे ६६७ जीबी जागाच वापरायला मिळते, हेही ध्यानात ठेवावे.

पहिला_दिवस_नाही
यंत्राबद्दल सर्वांनी लिहिले, खेळाबद्दल कोणीच लिहिले नाही. सायबरपंक २०७७ ची तारीख २०२० मध्ये एप्रिल, सप्टेंबर आणि नोव्हेंबर अशी टळत गेली. १० डिसेंबरला तो आला, तेव्हा प्लेस्टेशन ४ वर त्याची अवस्था इतकी वाईट होती की सोनीने आठवड्याभरातच तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि जून २०२१ पर्यंत परत ठेवला नाही. जीटीए ऑनलाइन (जीटीए ५ चा इंटरनेटवर एकत्र खेळायचा भाग) १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले, तेव्हाही पहिले काही दिवस अनेकांना आत शिरताच येत नव्हते. जिथे हवे तिथे फिरता येते अशा प्रचंड मोठ्या मुक्त जगाच्या खेळात पहिल्या आठवड्यात काय बिघडेल हे त्याच्या निर्मात्यालाही पूर्णपणे ठाऊक नसते. म्हणून मी कोणताही असा खेळ दोन महिन्यांच्या आत घेत नाही. प्लेस्टेशनच्या दुकानात एकदा डाउनलोड सुरू केले की आवडला नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत. संगणकाच्या खेळांच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात निदान दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ चौदा दिवसांच्या आत परत करता येतो.

वांद्रे_तलाव
आपली काळजी समजते, परंतु प्रत्येक खेळाला सायबरपंकच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. घोस्ट ऑफ त्सुशिमा मी जुलै २०२० मध्ये पहिल्याच दिवशी साध्या प्लेस्टेशन ४ वर सुरू केला आणि शेवटपर्यंत मला एकही मोठी अडचण आली नाही. शिवाय जीटीएसारख्या खेळाचा निम्मा आनंद सर्वांनी एकाच आठवड्यात खेळण्यात असतो. कोणाला काय सापडले हे लोकलमध्ये, कँटीनमध्ये बोलण्यात जी गंमत असते, ती दोन महिन्यांनी राहत नाही. तोवर कथेचा शेवटही कोणीतरी सांगून टाकलेला असतो.

भोईवाडा_तिसरा_मजला
मलाही नेमके हेच वाटते. जीटीए ५ आला तेव्हा मी शाळेत होतो आणि माझ्याकडे काहीच नव्हते. मित्राच्या घरी जाऊन फक्त बघत बसायचो. या वेळी पहिल्या दिवशी मला स्वतःच्या घरी खेळायचे आहे. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. मी दुकानदाराला २,००० रुपये बयाणा आधीच दिलेला आहे. तो परत मिळणार नाही असे त्याने तेव्हाच सांगितले होते.

मुलुंड_पूर्व
दोन हजार वाचवण्यासाठी आणखी एकोणतीस हजार देऊ नका, एवढेच म्हणेन.

उपनगरी_प्रवासी
पावती असेल तर तिच्यावर काय लिहिले आहे ते पाहा. 'डिस्क' असा शब्द असेल आणि यंत्र डिजिटल निघाले तर परत मागण्याचा आपला हक्क स्पष्ट आहे. जाताना मित्राची कोणतीही प्लेस्टेशन ५ ची डिस्क सोबत न्या. यंत्र चालू करून स्वतःच्या खात्याने आत जा, डिस्क घाला, अर्धा तास एखादा जड खेळ चालू ठेवा आणि पंख्याचा आवाज ऐका. दोन्ही कंट्रोलरच्या अंगठ्याने फिरवायच्या काड्यांना हात न लावता पडद्यावर काही आपोआप सरकते का ते पाहा. एचडीएमआयची तार हळूच हलवून चित्र जाते का तेही पाहा. दुकानदार यातल्या कशालाही नाही म्हणाला, तर परत या.

निळा_पंखा
प्लेस्टेशन ५ प्रो या अधिक ताकदीच्या प्रकाराबद्दल मात्र कोणीच बोलले नाही.

उपनगरी_प्रवासी
नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रो इतरत्र आला तेव्हा वायफायच्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला भारतात परवानगी नसल्याने तो येथे आणला गेला नाही. आणि ३१,००० रुपयांच्या प्रश्नात तो विषय येतच नाही.

भोईवाडा_तिसरा_मजला
आज दुपारी ग्रँट रोडला उतरून दुकानात जाऊन आलो. क्रमांक १२ ने सुरू होणारा आणि अक्षर 'बी'. खाच नाही. पहिल्या भेटीत यंत्र आडवे, पुढची बाजू भिंतीकडे करून ठेवलेले होते आणि मी डिस्कबद्दल विचारलेच नव्हते. पावतीवर फक्त 'पीएस ५, २ कंट्रोलर' एवढेच लिहिलेले आहे, त्यामुळे फार वाद घालता आला नाही. पैसे परत द्यायला तो तयार नव्हता. बऱ्याच बोलण्यानंतर त्या २,००० रुपयांच्या बदल्यात त्याने दोनपैकी एक कंट्रोलर मला दिला. तो तारेने लॅपटॉपला जोडता येतो, म्हणून मी घेतला. मित्रांशी बोललो आहे. दिवाळीत डिस्कवाला नवा स्लिम घेण्यासाठी आजपासून दरमहा पैसे बाजूला टाकणार आहे आणि डिस्क पहिल्या दिवशी मिळाली नाही, तर पहिला महिना तिघांनी एका मित्राच्या घरी खेळायचे ठरले आहे.

उपनगरी_प्रवासी
चांगले झाले. कंट्रोलरच्या दोन्ही काड्या आज रात्रीच तपासून घ्या. डावी काडी आपोआप सरकत असेल तर सोमवारी दुकान उघडताच बदलून मागा, आणि या वेळी पावतीवर तसे लिहून घ्या.