मदत हवी आहे: ट्यूबलेस टायर बसवायला कोणता कॉम्प्रेसर घ्यावा?

मंडळी, एमटीबीला (माउंटन बाइक सायकलला) २९ बाय २.२५ इंचाचे ट्यूबलेस टायर घातलेत. पुढचा फ्लोअर पंपावर बसला, मागचा काही केल्या रिम धरत नाही. व्हॉल्व्हचा कोअर (आतला हवा अडवणारा भाग) काढला, कडेला साबणाचं पाणी लावलं, दंड भरून आले. नुसती फुसफुस आणि फेस. शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे अडॅप्टर लावून हवा मारली, दोनदा ‘टण्ण’ वाजलं आणि बसला. पण दर वेळी चाक काखेत मारून कोण जाणार?

गाडीतला छोटा इन्फ्लेटर कामाचा नाही. त्याला टाकी नाही, आणि इथे हवा एकदम भसकन लागते. म्हणून २४ लिटर टाकीचा ऑइल-फ्री (तेल न लागणारा) कॉम्प्रेसर बघतोय. की ८ लिटरचा पुरेल? राहतो तिसऱ्या मजल्यावर, खालच्या आजी दुपारी झोपतात, तेव्हा आवाजाचंही सांगा.