वाकडला फ्लॅट आत्ता घ्यावा की भाड्यानेच राहावं?

नवा_भाडेकरू:
तयार 2 बीएचके 80 लाखांना सांगतायत. त्याच सोसायटीत भाडं 25 हजार, मेंटेनन्स मालक भरतो. हाताशी 26 लाख आहेत. 60 लाख कर्ज 20 वर्षांसाठी 8.5 टक्क्यांनी मिळेल. एजंट म्हणतो, दर तिमाहीला भाव चढतोय, थांबू नका. तीन-चार वर्षांत बदली होऊ शकते. काय करावं?

हिशेबनीस:
हप्ता (सुमारे 52 हजार) आणि भाडं समोरासमोर ठेवू नका, हप्त्यातली मुद्दल तुमचीच असते. परत न येणारे पैसे तेवढे मांडा. पहिल्या वर्षाचं व्याज साधारण 5 लाख. मेंटेनन्स आणि मिळकतकर मिळून 70 हजार धरा. तुमचे 26 लाख 7 टक्क्यांच्या ठेवीत असते तर 1.8 लाख मिळाले असते, तेही गेले. एकूण साडेसात. त्यातून वाचणारं भाडं 3 लाख वजा केलं की वर्षाला साडेचार लाखांचा खड्डा उरतो.

शिवाय वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये येतं, तिथे मुद्रांक शुल्क 7 टक्के (बाईच्या नावावर घेतलं तर 1 टक्का कमी) आणि नोंदणी 30 हजार, म्हणजे 5.9 लाख. तीन वर्षांत विकलंत तर यातले वर्षाला जवळपास 2 लाख अंगावर पडतात, दहा वर्षं राहिलात तर 60 हजार. त्यामुळे तीन वर्षांत नुसती बरोबरी साधायलाच भाव दरवर्षी 8 टक्क्यांच्या आसपास चढायला हवा, विकतानाची दलाली वेगळीच. दहा वर्षांसाठी साडेसहा टक्क्यांच्या आत भागतं, कारण पुढे व्याज घटतं आणि भाडं वाढतं. बदलीची शक्यता खरी असेल तर माझं मत: आत्ता घेऊ नका.

आणि आयकराच्या नवीन करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वजावट नाही. 'टॅक्स वाचतो' हे वाक्य तिथेच संपतं.

सात_बारा:
सहमत. एजंटचा 'भाव' हा मागितलेला भाव असतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या सर्व्हे नंबरचे इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहारांचे उतारे) काढा, प्रत्यक्ष कितीला व्यवहार झाले ते दिसेल. दोन्हींत किती अंतर आहे ते बघूनच घासाघीस करा.

नवा_भाडेकरू:
शेजारीच बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात तेवढंच कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) 74 लाखांना आहे. ताबा दोन वर्षांनी. ते?

हिशेबनीस:
74 वर 5 टक्के जीएसटी, 3.7 लाख. तयार घराला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेलं असेल तर हा कर लागत नाही. शिवाय दोन वर्षांचं भाडं 6 लाख, आणि बँक जसजसे पैसे सोडेल तसतसं व्याजही सुरू. सहा लाखांची 'बचत' कुठे राहिली?

सात_बारा:
तरीही मोह झालाच तर महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर ताब्याची मूळ तारीख आणि मुदतवाढ दोन्ही बघा. करारनामा नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला कायद्याने मनाई आहे. 'स्लॉट जाईल' म्हणून 20 टक्के मागत असेल तर तिथूनच परत फिरा. आणि किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असली की 1 टक्का टीडीएस (विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून कापायचा आयकर) खरेदीदाराने कापून भरायचा असतो. पुष्कळ जण विसरतात, मग नोटीस येते.

कुलूपकिल्ली:
भाड्याने राहायचं ठरलं तर 11 महिन्यांच्या करारांच्या चक्रात अडकू नका. तेजीत मालक नूतनीकरणाच्या वेळीच भाडं उडवतो. 36 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा करार) करा, दरवर्षी 5 टक्के वाढ आधीच लिहून घ्या. लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) मालकावर पूर्ण मुदतीचं, तुमच्यावर फार तर सहा महिन्यांचं, आणि त्यानंतर एक महिन्याची नोटीस. मुद्रांक पाव टक्का, म्हणजे लाखभर डिपॉझिट धरूनही अडीच हजारांच्या आत, नोंदणी फी 1,000. नोंदणी घरबसल्या होते. मालक 'नोटरी पुरे' म्हणाला तरी ऐकू नका, महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे.