अलकनंदाचं एवढं कौतुक कशाला?

एक प्रश्न आलाय की सर्पिल दीर्घिका (भोवऱ्यासारख्या भुजा असलेल्या गॅलेक्सी) तर ढिगाने सापडल्यात, मग पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी शोधलेल्या 'अलकनंदा' या दीर्घिकेचं विशेष काय?

विशेष आहे तो तिचा काळ. महास्फोटानंतर (बिग बँग, विश्वाची सुरुवात) जेमतेम दीड अब्ज वर्षांनी ती अशी दिसत होती. त्या काळातल्या दीर्घिका ओबडधोबड, खळबळीच्या असतील, चकती शांत व्हायला आणि भुजा उमटायला अब्जावधी वर्षं लागतील, असाच सर्वांचा अंदाज होता. इथे तर दोन ठसठशीत भुजा, सुमारे ३० हजार प्रकाशवर्षं व्यासाची चकती, आणि दरवर्षी साधारण ६० सूर्यांइतक्या वस्तुमानाचे नवे तारे! चित्र मोठं करून बघा: भुजांवर ताऱ्यांचे पुंजके दोऱ्यात मणी ओवावेत तसे दिसतात. मी कितीतरी वेळ तेच बघत बसलो होतो.

हबल अवकाश दुर्बिणीला तिचं असं चित्र घेणं का जमलं नाही, तर तिची ताम्रसृती (रेडशिफ्ट, म्हणजे विश्व प्रसरण पावल्याने प्रकाशलहरी ताणल्या जाण्याचं माप) चारच्या आसपास आहे. म्हणजे तिथून निघालेला ०.४ मायक्रॉनचा जांभळा प्रकाश वाटेत पाचपट ताणला जाऊन २ मायक्रॉनचा अवरक्त होऊन पोचतो. तो टिपायला जेम्स वेब अवकाश दुर्बीणच हवी. शिवाय आबेल २७४४ हा दीर्घिकासमूह मध्ये भिंगासारखा आला, त्यामुळे अलकनंदा जास्त तेजस्वी दिसली.

नावाचं म्हणाल तर आपल्या आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयात मंदाकिनी अलकनंदेला रुद्रप्रयागला मिळते. नाव फार आवडलं.

आता चकती नेमकी कशी फिरते हे वर्णपटातून मोजायला हवं. भुजा कशामुळे तयार झाल्या, ते त्यावरून कळू शकेल.