मदत हवी आहे: अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडं ओढते

मंडळी, गाडी 2006 ची ऑल्टो. गेल्या पावसाळ्यात जांबोटीहून खानापूरला येताना पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक धाडकन आपटलं. रिम वाकली, ती बदलली. पण तेव्हापासून स्टिअरिंग सोडलं की गाडी डावीकडं जाते, आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं.

बेळगावात दोनदा अलाइनमेंट केलं. टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बरोबर आहे म्हणतात. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) डाव्या बाजूला चुकतोय, पण या गाडीत तो फिरवायची सोयच नाही, असं सांगून पैसे मात्र घेतले! टायर डावे-उजवे अदलाबदल करून पाहिले, ओढ डावीकडंच. डावा टायर आतल्या कडेनं झिजलाय. स्पीडब्रेकरवर हळू गेलं तरी खालून 'टक' असा आवाज येतो.

काल घरीच स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर टेपनं मोजलं. डावीकडं सुमारे 12 मि.मी. कमी भरलं. म्हणजे पुढचं डावं चाक मागं सरकलंय, एवढं मलाही कळतं.

एक मेस्त्री म्हणतो लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकलाय, दुसरा म्हणतो स्ट्रट (स्प्रिंगसकट शॉकअ‍ॅब्सॉर्बर) बदला. क्रॉसमेंबर (गाडीखालची आडवी तुळई) किंवा आर्म बसतो ती जागाच वाकली असेल तर नवा आर्म घालून काय उपयोग? पार्ट घेण्याआधी हे नक्की कसं ओळखायचं? आवाज बॉल जॉइंटचा (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा) की बुशचा (आर्म गाडीला बसतो तिथलं रबर), तेही सांगा. बेळगाव-निपाणी भागात चेसिस मोजून देणारं कुणी माहीत आहे का?