जलविद्युत प्रकल्पाचे नियोजन करताना नदीची किती जुनी नोंद आधाराला घ्यावी?

धागाकर्ता: कृष्णाकाठ

जलविद्युत प्रकल्पाचा सविस्तर अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर आधी स्थापित क्षमतेवर जाते. परंतु प्रकल्पाचे भवितव्य ज्यावर ठरते तो आकडा 90 टक्के विश्वासार्ह वर्षाचा असतो. नदीच्या उपलब्ध नोंदीतील सर्व जलवर्षे (जून ते मे) वार्षिक येव्यानुसार, म्हणजे वर्षभरात नदीत आलेल्या पाण्यानुसार, उतरत्या क्रमाने मांडायची, दहापैकी नऊ वर्षांत किमान जेवढे पाणी मिळते तेवढे पाणी देणारे वर्ष त्यातून निवडायचे, आणि त्या वर्षातील दहा-दहा दिवसांच्या सरासरी प्रवाहावरून वर्षाला किती वीज निघेल हे काढायचे, अशी आपल्याकडची रूढ पद्धत आहे. विजेचा दर, कर्जाची परतफेड आणि टर्बाइनचा आकार या सगळ्याचा पाया तोच असतो.

या पद्धतीमागे एक गृहीतक आहे: पुढची चाळीस वर्षे नदी मागच्या चाळीस वर्षांसारखीच वागेल. ऊर्ध्व कृष्णा आणि कोयना खोऱ्यात नव्या लघुप्रकल्पांचा विचार करताना हे गृहीतक आता सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या हवामान अहवालानुसार 1951 ते 2015 या काळात देशातील जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला, आणि ही घट ठळकपणे दिसलेल्या भागांत गंगेच्या मैदानाबरोबर पश्चिम घाटाचेही नाव आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार 1950 ते 2015 मध्ये मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस कमी आणि कोसळण्याचे प्रसंग अधिक, अशी ही दुहेरी अडचण आहे. पन्नास-साठच्या दशकांतील उदार पावसाळे नोंदीत तसेच ठेवले तर सरासरी फुगते, आणि वास्तवात न येणाऱ्या पाण्यावर आपण कर्ज काढतो. म्हणून नव्या प्रकल्पाचा हिशेब अलीकडच्या 30 वर्षांवरच बेतावा आणि जुनी नोंद केवळ महापुराच्या अंदाजासाठी ठेवावी, असा माझा प्रस्ताव आहे. मतभेद असणाऱ्यांनी ते सविस्तर मांडावेत.

प्रतिसाद: जुनी वही

प्रस्तावामागची काळजी योग्य आहे, पण सुचवलेला उपाय रोगापेक्षा घातक ठरेल. क्रमवारीचे गणित पाहावे. 30 वर्षांच्या नोंदीत 90 टक्के विश्वासार्ह वर्ष हे क्रमाने 28 वे येते, म्हणजे शेवटून तिसरे. 78 वर्षांची नोंद असेल तर ते 71 वे, म्हणजे शेवटून आठवे येते. पहिल्या स्थितीत त्या तीस वर्षांत नेमके किती दुष्काळ पडले, या योगायोगावर तुमचा संपूर्ण वीजदर उभा राहतो. लागोपाठ दोन कोरडी वर्षे खिडकीच्या आत पडली तर प्रकल्प तोट्याचा ठरेल आणि एक वर्ष अलीकडे-पलीकडे झाले तर तोच प्रकल्प फायद्याचा दिसेल. यात हवामानबदलाचा शोध कुठेच नाही; लहान नमुन्याची अस्थिरता तेवढी आहे.

लहान नोंदीने काय होते याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील कोलोरॅडो नदीचे आहे. 1922 मध्ये सात राज्यांनी तिच्या पाण्याची वाटणी केली, तेव्हा हाताशी असलेली नोंद थोड्या वर्षांची होती आणि नेमकी ती वर्षे असाधारण पावसाची होती. पुढे झाडांच्या वलयांवरून शेकडो वर्षांचा प्रवाह काढला गेला, तेव्हा वाटणी जेवढ्या पाण्यावर झाली तेवढे नदीत नेहमी नसतेच, हे उघड झाले. करारातील राज्ये ते ओझे आजही वाहत आहेत. त्या लोकांनी जे केले तेच आपण उलट्या दिशेने करावे, असे हा धागा सुचवतो.

आपल्या कृष्णेचेच पाहा. राज्यांमध्ये कृष्णेचे पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने 1894-95 पासूनच्या 78 वर्षांच्या मालिकेवरून 75 टक्के विश्वासार्हतेचा येवा 2,060 टीएमसी (अब्ज घनफूट) धरला. त्यानंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने 1961-62 ते 2007-08 ही 47 वर्षांची मालिका घेतली, तेव्हा त्याच विश्वासार्हतेचा आकडा 2,173 टीएमसी आला. अलीकडची मालिका घेतल्यावर पाणी वाढले! धागाकर्त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते कमी व्हायला हवे होते.

प्रतिसाद: सरितामापन

लवादांच्या दोन आकड्यांवरून हवामानाचा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. कृष्णेवर गेल्या शतकात शेकडो धरणे आणि उपसा योजना झाल्या. मापन केंद्रावर दिसणारा प्रवाह म्हणजे नैसर्गिक येव्यातून वरचा वापर, बाष्पीभवन आणि साठ्यातील बदल वजा झाल्यावर उरलेले पाणी असते. नैसर्गिक येवा काढायचा तर ही प्रत्येक वजावट पुन्हा मिळवावी लागते, आणि ती कशी मिळवली यावर शंभरेक टीएमसीचा फरक सहज पडू शकतो. तोच आक्षेप धागाकर्त्यांनाही लागू आहे, कारण अलीकडच्या 30 वर्षांत वरच्या भागातील वापर सर्वाधिक वाढला आहे. प्रवाह घटला असे दिसले, तर तो आभाळाने घटवला की उसाने, हे आधी वेगळे करावे लागेल.

नोंदीच्या दर्जाविषयीही सांगणे आवश्यक आहे. एरवी प्रवाहाचा वेग वेगमापक यंत्र पाण्यात सोडून मोजतात. परंतु नदी दुथडी भरून वाहत असताना यंत्र उतरवणे शक्य नसते, तेव्हा मोजपट्टीवरील पातळी वाचून आधी तयार केलेल्या पातळी-प्रवाह आलेखावरून विसर्ग काढला जातो. पुरात पात्राचा तळ खरवडला गेला किंवा गाळाने वर आला की तो आलेख चुकीचा होतो, आणि नवा तयार होईपर्यंतचे सगळे आकडे एकाच दिशेला झुकलेले राहतात. कराडजवळ कोयनेवरील वारुंजी केंद्राची मालिका अभ्यासाला घेणाऱ्याने वार्षिक येवा आणि पाणलोटातील पाऊस यांची संचित (वर्षागणिक वाढत जाणारी) बेरीज एकासमोर एक मांडून पाहावी. रेषेला जिथे वाक येतो त्या वर्षी नदी बदलली असेल किंवा मोजण्याची रीत बदलली असेल. ही तपासणी न करता 30 वर्षे घ्या की 80, फरक पडत नाही.

प्रतिसाद: घाटमाथा

आतापर्यंतची सर्व चर्चा वार्षिक येव्यावर चालली आहे, आणि मला तीच मुळात अपुरी वाटते. धरण नसलेल्या, वाहत्या पाण्यावर चालणाऱ्या प्रकल्पात वर्षभरात किती पाणी आले यापेक्षा ते कोणत्या दिवशी आले याला महत्त्व आहे. एक उदाहरण करून पाहू. दहा दिवसांचा सरासरी प्रवाह सेकंदाला 20 घनमीटर आहे आणि टर्बाइन 25 घनमीटर घेऊ शकते. अहवालात या दहा दिवसांचे सगळे पाणी विजेसाठी उपयोगी पडले असे दिसेल. आता तेच पाणी तीन दिवसांत कोसळून आले आणि उरलेले सात दिवस ओढा जवळजवळ कोरडा राहिला, असे समजा. तीन दिवस सेकंदाला 66 घनमीटरहून अधिक पाणी आले, त्यातले 25 टर्बाइनने घेतले आणि बाकीचे सांडव्यावरून गेले. हिशेब केला तर जेमतेम 37 टक्के पाणी कामी आले. वार्षिक येवा तोच, दहा दिवसांची सरासरी तीच, वीज मात्र निम्म्याहून कमी!

22 जुलै 2021 च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसाचे पाणी 90 टक्के विश्वासार्हतेच्या गणितात येवा म्हणून जमा होते, पण वाहत्या पाण्यावरच्या प्रकल्पासाठी ते पाणी नसून संकट असते. याच्या उलट, ऑगस्ट 2023 हा देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऐन पावसाळ्यातले असे खंड वाढत असतील तर त्यांचा माग केवळ दैनंदिन प्रवाहाच्या कालावधी-आलेखात (किती प्रवाह वर्षातले किती दिवस मिळतो हे दाखवणाऱ्या आलेखात) लागतो. म्हणून नोंद 80 वर्षांची असो वा 30, ती दैनंदिन असावी, हा माझा आग्रह आहे. दहा दिवसांच्या सरासरीची पद्धत हिमालयातील बर्फ वितळून वाहणाऱ्या संथ बदलाच्या नद्यांना कदाचित चालेल. सह्याद्रीतल्या ओढ्यांना ती लावणे हा माझ्या मते नियोजनातला सर्वांत महागडा दोष आहे.

प्रतिसाद: पायथा

घाटमाथा यांचे उदाहरण अचूक आहे, परंतु महाराष्ट्रात त्याला कितपत वाव आहे याचा विचार व्हावा. चार महिने वाहणाऱ्या नद्यांवर धरणाशिवाय वीज करण्याचा मार्ग इथे फारसा कोणी धरलेला नाही. भाटघर (16 मेगावॉट) किंवा वीर (9 मेगावॉट) यांसारखी आपली लहान विद्युतगृहे धरणांच्या पायथ्याशी आहेत, आणि तिथला प्रवाह पाऊस ठरवत नाही, सिंचनाचे आवर्तन ठरवते. कोयनेच्या पायथा विद्युतगृहाचे 20 मेगावॉटचे दोन्ही संच चालले की 2,100 क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी नदीत येते, आणि उन्हाळ्यात ते ताकारी-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या मागणीप्रमाणे सोडले जाते. अशा जागी नव्या प्रकल्पाचा अभ्यास करणाऱ्याने हवामानाच्या प्रारूपांत (संगणकी मॉडेलांत) डोके घालण्यापूर्वी आवर्तने ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकांची इतिवृत्ते वाचावीत.

मुख्य कोयना प्रकल्पाची तर गोष्टच निराळी आहे. पाणलोट सुमारे 892 चौरस किलोमीटर, जलाशयाची क्षमता 105.25 टीएमसी, आणि लवादाच्या निवाड्यानुसार विजेसाठी पश्चिमेकडे, घाटाखाली पाणी वळवण्याची मर्यादा वर्षाला 67.5 टीएमसी. या पाणलोटावर 100 मिलिमीटर पाऊस पडून सगळा वाहून आला तर साधारण 3.15 टीएमसी होतात, आणि तिथे पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. बहुतेक वर्षी नदी देते त्यापेक्षा कमी पाणी वीजनिर्मितीसाठी वळवण्याची आपल्याला मुभा आहे. एक टीएमसी पाणी पावणेपाचशे मीटर खाली उतरले की ढोबळमानाने तीन कोटींहून अधिक युनिट वीज होते. ही वीज आभाळाने अडवलेली नसून वाटणीच्या निवाड्याने बांधलेली आहे.

हवामानाच्या जागतिक प्रारूपांविषयी माझा अविश्वास मी लपवत नाही. त्यांतील बहुतेकांची चौकट शंभरेक किलोमीटरची असते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला तो हजाराच्याही आत राहतो. हवामान खात्याच्या दैनंदिन पावसाच्या जाळीची चौकट साधारण 27 किलोमीटरची आहे; तीदेखील हा उतार पुसून टाकते. मग शंभर किलोमीटरच्या चौकटीतून एखाद्या ओढ्याचा 2050 चा प्रवाह काढणाऱ्यांवर कोणत्या आधारे विश्वास ठेवावा?

प्रतिसाद: कृष्णाकाठ (धागाकर्ता)

पायथा यांनी मांडलेला कोयनेचा मुद्दा वार्षिक वीजनिर्मितीपुरता मान्य आहे. तथापि जलाशय केव्हा भरायचा आणि पुरासाठी किती मोकळा ठेवायचा, हा निर्णयसुद्धा नियोजनाचाच भाग आहे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले, त्यानंतर 15 ऑगस्टपूर्वी धरण किती भरू द्यावे हा प्रश्न विजेपुरता राहिलेला नाही. जागा मोकळी ठेवली आणि नंतर पावसाने दडी मारली, तर उन्हाळ्यातील वीज आणि सिंचन दोन्ही कमी पडतात. त्यासाठी आवक कोणत्या पंधरवड्यात येते, हे बदलत आहे का, हे पाहिलेच पाहिजे. आणि हे 1960 च्या नोंदीवरून ठरवणे मला धोक्याचे वाटते.

प्रारूपांच्या मर्यादा मलाही मान्य आहेत. मागच्या साठ वर्षांत मोसमी पाऊस घटला आणि तीच प्रारूपे शतकाच्या अखेरीस तो वाढेल असे सांगतात, हा विरोध त्या 2020 च्या अहवालातच आहे. म्हणूनच मी प्रारूपातून एक आकडा उचलण्याचे सुचवत नाही. प्रवाह 10 टक्के आणि 20 टक्के घटवून, तसेच तोच येवा कमी दिवसांत कोंबून, प्रकल्पाचा जमाखर्च पुन्हा मांडावा. केवळ सरासरी वर्षातच तग धरणारा प्रकल्प घेऊ नये.

प्रतिसाद: दूरचित्र

प्रवाहाच्या नोंदीत न दिसणाऱ्या धोक्याचीही दखल घ्यावी. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीमचे साउथ ल्होनाक हिमसरोवर फुटले आणि 1,200 मेगावॉटच्या तीस्ता-3 प्रकल्पाचे चुंगथांग येथील धरण वाहून गेले. कितीही वर्षांच्या प्रवाहनोंदीतून तो लोंढा दिसला नसता; सरोवर वाढत चालल्याचे मात्र उपग्रहचित्रांत वर्षानुवर्षे दिसत होते. शिवाय सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा खोऱ्यांतील प्रवाहाची आकडेवारी गोपनीय वर्गात असल्याने बाहेरच्या अभ्यासकाला ती तपासताही येत नाही. कृष्णेची आकडेवारी खुली आहे, आणि ही चर्चा त्यामुळेच शक्य होत आहे.

प्रतिसाद: जुनी वही

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रतिसादातील चाचणी मला मान्य आहे, कारण तिच्यात जुनी वर्षे टाकून द्यावी लागत नाहीत. 30 वर्षांच्या खिडकीला माझा विरोध कायम आहे. 1972 चा दुष्काळ त्या खिडकीच्या बाहेर पडतो, आणि महाराष्ट्रात जो प्रकल्प 1972 सारख्या वर्षात काय करील हे सांगू शकत नाही, त्याच्या अहवालावर मी सही करणार नाही. सरितामापन यांनी सांगितलेली तपासणी करून पूर्ण मालिका शुद्ध करावी, घाटमाथा म्हणतात तशी ती दैनंदिन ठेवावी, आणि 10-20 टक्क्यांची घट त्या पूर्ण मालिकेला लावावी. घट किती लावायची यावर वाद घालता येईल; माझ्या मते पायथा विद्युतगृहांना हवामानापोटी 10 टक्के पुरे, पण वरच्या गावांच्या वाढत्या पिण्याच्या पाण्यासाठी वेगळी वजावट धरलीच पाहिजे.

प्रतिसाद: पायथा

पिण्याच्या पाण्याच्या वजावटीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पाणीवाटपाच्या प्राधान्यक्रमात पिण्याचे पाणी सर्वांत वर आहे, आणि टंचाईच्या वर्षी कात्री सर्वांत आधी वीजनिर्मितीच्या पाण्याला लागते. ही कात्री कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात आणि किती लागली याची नोंद प्रत्येक मोठ्या धरणावर असते, आणि प्रकल्प अहवालाला ती जोडण्याची सक्ती असावी.